उकळलं ते नेमकं काय? जुन्या गाड्यांच्या तापण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मार्च उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हिवाळ्यात पेंट, क्रोम आणि सीट कव्हर विचारणारे वाचक एकदम घाट, वाफ आणि ब्रेकवर येतात. या वेळी निवडलेल्या पत्रांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पत्रं जास्त आहेत, आणि ते साहजिक आहे. एकीकडे पसरणी, खंबाटकी, कुंभार्लीसारखे घाट आणि दुसरीकडे जत, कवठेमहांकाळचं ऊन.

उत्तरांआधी एक गोष्ट. जुन्या गाडीत उष्णतेने उकळू शकतील असे द्रव तीन: रेडिएटरमधलं पाणी, नळीतलं किंवा कार्बोरेटरमधलं पेट्रोल आणि ब्रेक ऑइल. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. आलेल्या बहुतेक पत्रांत पार्ट आधी बदलले गेलेत आणि उकळलं काय हे नंतर विचारलंय.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. साताऱ्यात रोज वापरतो, त्रास नाही. पुण्याहून परतताना मात्र खंबाटकीत दुसऱ्या गिअरला काटा लाल पट्ट्यात जातो. वॉटर पंप नवा टाकला, मेकॅनिकने थर्मोस्टॅटही (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, पण फरक शून्य. आता रेडिएटरला जास्त ओळींची नवी जाळी बसवा म्हणतात. बसवावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बसवावी लागेलही, पण इतक्यात नको. पुण्याला जाताना तुम्ही बोगद्यातून जाता, येताना घाट चढता, म्हणून त्रास एकाच दिशेला दिसतो. घाटात इंजिनावर पूर्ण भार असतो आणि वेग ताशी २५-३० किमी. पुढून येणारी हवा जवळजवळ नाहीच, सगळी मदार फॅनवर. सपाटीवर भागतंय आणि घाटात भागत नाही, याचा अर्थ कूलिंगची क्षमता कुठेतरी कमी झालीय. कुठे, ते मापून काढा.

त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंगवर, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर साधारण २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) धरून ठेवा. वरच्या-खालच्या टाकीत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर रेडिएटर आपलं काम करतोय. फरक २० अंशांच्या पुढे गेला तर पाणी हळू फिरतंय: नळ्या चोंदल्यात, पंपाची पाती झिजलीत किंवा खालचा होस (रबरी नळी) आत ओढला जातोय. उलट सगळंच गरम आणि फरक फक्त ३-४ अंश, तर पाणी नीट फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. अशा वेळी जाळीच्या पत्र्यांत अडकलेली माती-किडे, सैल बेल्ट, फॅनभोवतीचं गायब झालेलं आवरण हे बघायचं. जाळीवरून थर्मामीटर आडवा फिरवा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि मग नवी जाळी बसवण्यात अर्थ आहे.

खालच्या होसकडे फार कमी लोक बघतात. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. त्याच्या आत मुळात तारेची स्प्रिंग असते. होस बदलताना ती जुन्या तुकड्याबरोबर कचऱ्यात जाते. मग इंजिन ३००० आरपीएमला नेलं की मऊ पडलेला होस चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी उभी असताना बॉनेट उघडून कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा, डोळ्यांनी दिसेल.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते ही जुनी समजूत आहे. बऱ्याच इंजिनांत तो नसला तर पाण्याचा एक भाग बायपासमधून रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो, आणि थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नसल्याने सिलिंडर झिजतात ते वेगळंच. नवा थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा (तळाला टेकू देऊ नका), शेजारी थर्मामीटर धरा. ८२ अंशांचा असेल तर ८० ते ८४च्या दरम्यान उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळण्याआधी पूर्ण उघडला पाहिजे.

रेडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून दुर्लक्षित. दाब १ पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड) वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १.६ अंशांनी वाढतो, म्हणजे ७ पीएसआयचं झाकण ११ अंशांची सोय करतं. उंचीवर हे जास्तच लागतं: महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तुमची गाडी वर उघड्या भांड्यासारखीच वागते. पण म्हणून १५ पीएसआयचं झाकण लावू नका, जुन्या रेडिएटरचे डाक तो दाब सोसत नाहीत. मॅन्युअलमधलाच आकडा धरा.

आता बिनपाण्याची कारणं. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि ती उष्णता चाकांऐवजी एक्झॉस्ट पोर्टभोवतीच्या पाण्यात जाते. टायमिंग लाइट लावून इंजिनाचा वेग वाढवा. खूण पुढे सरकली नाही तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकलीत. सपाटीवर हे जाणवत नाही, घाटात जाणवतं. स्पार्क प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), त्यानेही इंजिन तापतं. याबद्दल पुढे पेट्रोलच्या उत्तरात आहेच.

शेवटची शंका हेड गॅस्केटची, म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगची. इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि मिनिटभर वेग कमी-जास्त करा. पंप फिरत नाही, पाणीही उकळण्याइतकं तापलेलं नाही, तरी सतत बुडबुडे येत असतील तर ते सिलिंडरमधले वायू आहेत. मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे एकदोनदा जोरात तापली की हेड वाकतं. हेड काढलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासल्याशिवाय नवं गॅस्केट टाकू नका. ०.०५ मि.मी.ची पात पट्टीखालून सरकली तर आधी हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवा. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. हातपान्याच्या अंदाजावर विसंबणारे कुशल मेकॅनिक आहेत, तरी इथे अंदाज नको.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ॲम्बेसेडरच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे तेच घातले. वरची टाकी उघडली तर आत चुन्यासारखा थर आहे. ॲसिडने धुवावे का? कुलंट किती घालावे? (एक वाचक, जत)

उत्तर : म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजे फरशी धुण्याचं, अजिबात नको. ते तांबं-पितळ, डाक आणि बीड सगळंच खातं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, वापरा: दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम. थर्मोस्टॅट तात्पुरता काढा, मिश्रण भरा, इंजिन गरम करून २० मिनिटं चालवा, कोमट असतानाच सोडून द्या. मग लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ५ मिनिटं फिरवा आणि साध्या पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुवा. ॲम्बेसेडरचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे असल्याने हे दोनदा केलं तरी चालेल. पद्मिनीवाल्यांनी एकदाच आणि १५ मिनिटांत उरका. मनाची तयारी ठेवा: कित्येक जुन्या रेडिएटरमध्ये बारीक छिद्रं त्या क्षारांनीच बुजलेली असतात, थर गेला की गळती दिसते.

ब्लॉकच्या मागच्या टोकाला गाळ साठतो, कारण तिथे पाण्याचा वेग कमी असतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक पूर्ण काढा. पाणी आलं नाही तर भोकातून ताठ तार घालून ढोसा. लाल चिखल निघेल. रेडिएटर लख्ख आणि ब्लॉक चिखलाने भरलेला, ही जोडी आपल्याकडे फार दिसते.

भरताना बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध पाणी दोन भाग आणि इथिलीन ग्लायकॉलचं कुलंट एक भाग. ५०-५० मिश्रण बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी. ग्लायकॉल जितकं जास्त तितकी पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद कमी. आपल्याला ते हवंय गंज रोखण्यासाठी. तांबे-पितळी रेडिएटरला पारंपरिक प्रकारचं कुलंट घ्या आणि दर २ वर्षांनी बदला. रंगावरून प्रकार ठरवू नका, रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. काढलेलं कुलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर असतं, जनावरं आणि कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

प्रश्न : आजोबांची १९७८ची फियाट मी चालवते. दुपारी इस्लामपूरहून कोल्हापूरला जाताना चहाला थांबले की दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप होते. कुणी व्हेपर लॉक म्हणतं, कुणी कॉइल. पूर्वी असं होत नव्हतं, असं आजोबा म्हणतात. (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे, आणि त्याचं एक कारण पेट्रोल पंपावर आहे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बरंचसं आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी मिसळून त्याहून कमी तापमानाला वाफ होणारी मिश्रणं तयार करतं. चालत्या गाडीत पंपातून ताजं, थंड पेट्रोल सतत येत असतं. इंजिन बंद केलं की फॅन थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान पुढची १०-१५ मिनिटं वाढतच जातं. म्हणून तुमचा त्रास नेमका चहाएवढ्या थांब्याचा आहे.

पण ‘व्हेपर लॉक’ या एका नावाखाली दोन उलट गोष्टी खपतात. एकीत पंपात किंवा नळीत वाफ भरते आणि कार्बोरेटर रिकामा राहतो. दुसरीत कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलंच (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातलं) पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि इंजिन पेट्रोलने भरून जातं. ओळखायचं असं: इग्निशन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडातून बघत थ्रॉटल हाताने एकदा उघडा. आत पेट्रोलची पिचकारी दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. वर भसकन वासही येत असेल आणि प्लग ओले असतील, तर ते सांडलेलं आहे. पिचकारीच नाही आणि वासही नाही, तर खरं व्हेपर लॉक. हे करताना जवळ विडी-सिगारेट कुणाची नको, चहाच्या टपरीवरच्या मदतनिसांचीही.

सांडलेलं असेल तर ॲक्सिलरेटर पंपासारखा मारू नका. पूर्ण दाबून तसाच धरा आणि स्टार्टर द्या. हवा जास्त जाऊन जादाचं पेट्रोल निघून जाईल, इंजिन धरलं की पाय सोडा. व्हेपर लॉक असेल तर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर आणि त्यात येणाऱ्या नळीवर ओलं फडकं ठेवा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी सांडू देऊ नका, ५ मिनिटांत सुरू होईल. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा तोडगा अजून सांगितला जातो. चिमट्यांनी नळी थंड होत नाही. तेवढ्या वेळात गाडी आपसूक थंड होते आणि श्रेय चिमट्यांना मिळतं.

कायमचा उपाय या क्रमाने करा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून किमान ५ सेंमी दूर न्या. कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे ना ते बघा. तो तडकला म्हणून कुणी नुसतं कागदी पॅकिंग टाकलेलं असतं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये १ मि.मी. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा लावा. इंजिनावरच्या यांत्रिक पंपाखालीही तसाच तुकडा असतो. त्याची जाडी मनाने बदलू नका, पंपाचा स्ट्रोक त्यावर ठरतो. फ्लोटची पातळी जास्त असेल तर मॅन्युअलच्या मापावर आणा. एवढ्याने भागलं नाही तरच टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली, २.५ ते ३.५ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप बसवा. नळीत ओढ असते तिथे वाफ लवकर होते, दाब असतो तिथे उशिरा, म्हणून पंप मागे हवा. रिलेसोबत अपघातात पुरवठा तोडणारा इनर्शिया स्विच घाला, नाहीतर धडक बसली तरी तो पेट्रोल ढकलत राहील.

इथेनॉलची आणखी दोन कामं राहिली. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात आणि तडकतात. इथेनॉलला चालणाऱ्या, एफकेएम (इंधनाला टिकणारं रबर) अस्तराच्या नळ्या घ्या आणि पंपाचा डायाफ्रामही त्याच दर्जाचा. दुसरं, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण पातळ होतं. २० टक्के इथेनॉलला साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. जेटच्या भोकाच्या व्यासात ते ४ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे १२०चा मेन जेट असेल तर १२५. एकदम मोठी उडी नको. बदलून ५० किमी चालवा, प्लगचा रंग बघा. फिकट तपकिरी हवा.

प्रश्न : ॲम्बेसेडर मार्क ३. मिरजेहून निघाल्यावर १०-१५ किमीनंतर ब्रेक आपोआप धरू लागतात. पेडल दगडासारखे कडक होते, गाडी ढकलून सरकत नाही, चारही ड्रम हात लावू देत नाहीत. तासभर उभी केली की मोकळी. व्हील सिलिंडर चारही बदलले. (एक वाचक, मिरज)

उत्तर : चारही चाकं एकदम धरतात, म्हणजे दोष चाकांत नाही. व्हील सिलिंडरचे पैसे गेले ते गेले.

पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढला की पिस्टन मागे येऊन ते उघडं पडतं आणि नळ्यांतलं ऑइल टाकीशी जोडलं जातं. ब्रेक वापरले की ऑइल तापतं, तापलं की फुगतं, फुगलेलं त्या भोकातून वर जातं. पिस्टन पूर्ण मागे येत नसेल किंवा भोक बुजलं असेल तर फुगलेल्या ऑइलला वाट नाही, ते शू, म्हणजे घर्षणाचे लायनर लावलेल्या कमानी, ड्रमवर दाबतं. घर्षणाने आणखी तापतं, आणखी फुगतं. थंड झालं की सुटतं. तुमचं लक्षण अक्षरशः हेच आहे.

आधी पेडलची मोकळीक बघा. पेडलचा दांडा आणि पिस्टनमध्ये सुमारे १ मि.मी. अंतर हवं, पेडलच्या टोकाला ती ५ ते १० मि.मी.ची ढिलाई म्हणून बोटाला जाणवते. पेडल ‘वर’ मिळावं म्हणून कुणीतरी दांड्याची लांबी वाढवलेली असते आणि अशा बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच निघतं. बूस्टर लावला असेल तर त्याच्या दांड्याचंही हेच. मग टाकीचं झाकण उघडा आणि कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. सुरुवातीच्या दाबाला टाकीत बारीक उसळी दिसली तर भोक उघडं आहे. झाकणातलं हवेचं छिद्रही मोकळं करा.

मोकळीक बरोबर, तरी उसळी नाही, तर आतलं रबर फुगून भोकावर आलंय. रबर फुगतं ते चुकीच्या ऑइलने: कुणी टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं ऑइल ओतलं की झालं. टाकीतले दोन थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर अर्धवट उपाय नाही. मास्टर, चारही व्हील सिलिंडर, सगळे रबरी होस बदलायचे, लोखंडी नळ्या मेथिलेटेड स्पिरिटने धुवायच्या. नवीन रबर बसवताना ब्रेक ऑइल किंवा ब्रेकचं रबर ग्रीसच लावा. बेअरिंगचं ग्रीस लावणारे हात अजून आहेत.

हाच त्रास एकाच चाकाला असेल तर शोध वेगळा. चाक धरलेलं असताना जॅकवर घ्या, ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) उघडा. ऑइल उडून चाक सुटलं तर दाब अडकलाय. न सुटल्यास सिलिंडर गंजलाय, शूची स्प्रिंग गेलीय किंवा हँडब्रेकची वायर अडकलीय. दाब अडकला असेल तर पुढच्या वेळी निपलऐवजी रबरी होसच्या आधीचा, लोखंडी नळीचा जोड सैल करा. तिथे सैल करून चाक सुटलं नाही आणि निपलला सुटलं, तर होस आतून सुजलाय. पायाच्या जोराने ऑइल जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. बाहेरून असा होस नवा दिसतो. एक गेला असेल तर तिन्ही बदला.

प्रश्न : पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटाच्या शेवटच्या वळणांना पद्मिनीचा ब्रेक लागेनासा होतो. खाली दहा मिनिटं थांबलं की परत ठीक. लायनर नवे आहेत. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल घालावे असे सुचवले आहे. (एक वाचक, वाई)

उत्तर : ‘लागेनासा’ म्हणजे पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, की पेडल मऊ होऊन तळाला जातं? तुमच्या पत्रात ते नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

आधी उष्णता किती ते बघा. पाचगणी ते वाई हा उतार साडेपाचशे मीटरहून जास्त. चार माणसं आणि सामानासह १२०० किलोची गाडी तेवढी उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते तिच्यात २० लिटर गार पाण्याला उकळी येईल. ती सगळी ब्रेकने खायची म्हटलं तर चार लहान ड्रमांना ते झेपणारं नाही. पाचगणीची ही गत, तर महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूर गाठायचं तर उतार याच्या दुपटीहून जास्त. काही उष्णता इंजिनाने खाल्ली पाहिजे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. अनेक जुन्या गाड्यांत पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नसतो, उतारावर तो ऐन वेळी पडत नाही. ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरू नका. वेग ४० वर गेला की ठाम दाबून २५ वर आणा आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला हवा मिळते. न्यूट्रल किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना या सदराकडे सल्ला नाही.

पेडल कडक, जळका वास आणि पकड नाही: लायनर तापून घर्षण गेलंय. नवे लायनर म्हणता, पण ड्रमला बसलेत का? ड्रम उघडून बघा. लायनरचा मधला भागच चमकत असेल आणि टोकं कोरी असतील तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. तेवढ्याच पट्ट्यावर सगळी उष्णता येते. शू ड्रमच्या मापाने घासून घ्यावे लागतील. ड्रम अनेकदा लेथवर कातलेला असेल तर तो पातळही असतो, लवकर तापतो आणि फुगून शूपासून लांब जातो. कमाल व्यास मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, त्यापुढचा ड्रम भंगारात. लायनर बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने २०-२५ वेळा ब्रेक लावा, दोन वेळांमध्ये अर्धा किलोमीटर चालू द्या. हे न करता नवे लायनर घेऊन थेट घाटात गेलात तर वरचा थर काचेसारखा होतो. ड्रममधली जुनी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

पेडल मऊ पडून तळाला जातं आणि पंप मारल्यावर थोडं वर येतं: ब्रेक ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हमी १४० अंशांची. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. हे पाणी रबरी होस आणि टाकीच्या छिद्रातून हवेतूनच मुरतं. महाबळेश्वर परिसरात वर्षाला ५००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. तिकडच्या गाडीने ऑइल दोन वर्षांऐवजी दर वर्षी, उन्हाळ्याआधी बदलावं. १ लिटर डॉट ४ची सीलबंद बाटली घ्या, गेल्या वर्षीची उघडी अर्धी बाटली नको. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, प्रत्येक निपलमधून नवं स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढा, टाकी मधे रिकामी होऊ देऊ नका. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

डॉट ५ आम्ही सुचवणार नाही. ते पाणी शोषत नाही हे खरं, पण आत शिरलेलं पाणी मग जातं कुठे? सर्वांत खालच्या जागी, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये साठतं, आणि तिथे १०० अंशांच्या आसपास उकळतं. जुन्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही आणि दाबावर चालणारे ब्रेक लाइटचे स्विच त्याने बिघडतात. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४च्या जातीचं आहे आणि चालतं.

घाट उतरून थांबलात की तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रम आकसताना शूवर आवळतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

प्रश्न : जुन्या महिंद्रा जीपचा ब्रेक फक्त कुंभार्ली घाटात मऊ पडतो. ऑइल नवे, हवा काढली. (एक वाचक, पाटण)

उत्तर : जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीवर असतो. एक्झॉस्ट पाइप बदलताना तो त्याच्या किंवा ब्रेकच्या नळीच्या जवळून नेला गेलाय का ते खाली वाकून बघा. जवळ असेल तर मध्ये १ मि.मी. ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना १०-१२ मि.मी. हवा सोडून. पत्रा थेट सिलिंडरला टेकवलात तर तो उष्णता पोचवण्याचंच काम करेल.

प्रश्न : ॲम्बेसेडरला इलेक्ट्रिक फॅन बसवू का? शहरात ट्रॅफिकमध्ये काटा चढतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे की अल्टरनेटर? जुना डायनॅमो २०-२५ अँपिअर देतो, तोही वेगात. फॅन १० ते १५ अँपिअर ओढतो. रात्री हेडलाइट लावून विश्रामबागच्या सिग्नलला उभे राहिलात तर बॅटरी रिकामी होत जाईल. अल्टरनेटर असेल तर बसवा, रिले आणि फ्यूजसह. त्याआधी बेल्ट बघा, लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने १२-१३ मि.मी. दबला पाहिजे. आणि काटा खरं बोलतोय का तेही. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम जास्त दाखवू लागले तर इंजिन नव्हे, मीटरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याचं अर्थिंग तपासा.

प्रश्न : गाडी तापल्यावर मिसफायर करते (झटके देते), तासाभराने बंद पडते, पेट्रोल आणि कूलिंग ठीक. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा कंडेन्सर. बंद पडल्या क्षणी स्पार्क बघा, थंड झाल्यावर बघून उपयोग नाही. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स गरम आणि थंड दोन्ही वेळा मोजा. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलला ३ ओहमच्या आसपास हवा. १.५ ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरशिवाय लावली असेल तर ती तापणारच, आणि पॉइंटही (कॉइलचा करंट तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) जाळणार. पॉइंट निळसर, खड्डे पडलेले असतील तर कंडेन्सर बदला. कॉइल इंजिनावर बसवलेली असेल तर बाजूच्या पत्र्यावर हलवा.